बंद म्हणजे नेमकं किती बंद?

रात्री काम संपतं, जांभया सुरू होतात आणि हात माउसवर थबकतो. बंद करू की राहू दे? सकाळी परत लागणारच आहे. उघडलेल्या वीस खिडक्या, अर्धवट लिहिलेलं पत्र, मध्येच थांबवलेला व्हिडिओ हे सगळं उद्या पुन्हा मांडायचा कंटाळा येतो. पण टेबलाखालच्या डब्यातला पंखा घूंऽऽ करत असतो आणि तो आवाज ऐकून उगाच अपराधी वाटतं.

या बाबतीत लोकांचे दोन पक्ष आहेत. एक पक्ष दिसेल ते बटण बंद करत फिरतो. दुसरा म्हणतो, ‘सारखं चालू-बंद केलं की मशीन लवकर जातं, त्यापेक्षा चालूच राहू दे.’ पहिल्याच्या हातात विजेचा हिशोब असतो. दुसऱ्याकडे कुणीतरी जाणत्याने कधीकाळी सांगितलेलं एक वाक्य असतं. मला विचाराल तर दोघं ज्या प्रश्नावरून भांडतात तो प्रश्नच आता जुना झाला आहे. आजच्या कॉम्प्युटरला चालू आणि बंद अशा दोनच अवस्था नसतात. ‘शट डाउन’ दाबल्यावरही तो पुष्कळदा आपल्याला वाटतो तितका बंद होत नाही. हे कसं, ते पुढे सांगतोच. आधी दुसऱ्या पक्षाची बाजू ऐकून घेऊ, कारण एके काळी ती अगदी खरी होती.

व्हॉल्व्हच्या काळातलं शहाणपण

१९४६ साली अमेरिकेत एनिआक नावाचा अवाढव्य कॉम्प्युटर लोकांसमोर आला. त्यात चिप नव्हती, ट्रान्झिस्टरही नव्हते. होते ते साधारण १८,००० व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. प्रत्येक नळीत बल्बमध्ये असते तशी तापणारी तार असायची आणि ते सगळं धूड मिळून दीडशे किलोवॉटच्या आसपास वीज खायचं. नळ्या उडायच्या त्या बहुतेक करून मशीन तापत असताना नाहीतर थंड होत असताना. तेव्हा ते चालवणाऱ्या इंजिनिअरांनी सरळ उपाय काढला, बंदच करायचं नाही. १९४७ च्या जुलैमध्ये ॲबरडीनच्या लष्करी केंद्रात ते सुरू झालं आणि २ ऑक्टोबर १९५५ च्या रात्री कायमचं थांबेपर्यंत त्याची वीज जवळजवळ अखंड चालू होती. वीज अखंड होती, काम नव्हे. एकही बिघाड न होता सलग चालण्याचा त्याचा विक्रम ११६ तासांचा आहे, म्हणजे पाच दिवसही नाहीत.

‘चालू-बंद केलं की जातं’ या वाक्याचं कूळ असं थेट तिथे पोचतं. जुन्या पिवळ्या बल्बांनीही त्याला खतपाणी घातलं. बल्ब जायचा तो नेहमी बटण दाबताक्षणी, ‘टिक’ असा आवाज करून. आतली टंगस्टनची तार थंड असताना तिचा विरोध तापलेल्या तारेच्या मानाने दहा-पंधरा पट कमी असतो, त्यामुळे पहिल्या क्षणी तिच्यातून विजेचा लोंढा जातो. तार एखाद्या जागी झिजून बारीक झाली असेल, तर ती तिथेच तुटते. पण ती झिजलेली असते चालू राहून राहून. चालू करणं हे फक्त शेवटचं निमित्त. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, आणि ठपका सगळा कावळ्यावर यावा, तसं हे आहे.

आता आपल्या टेबलाखालच्या डब्याकडे वळू. (बहुतेक लोक त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत असतो, बिस्किटाएवढा. असो.) त्यात तापणारी तार नाही, मग चालू-बंद केल्याने काहीच होत नाही का? होतं. पदार्थ तापला की फुगतो आणि थंड झाला की आकसतो, आणि प्रत्येक पदार्थाचं फुगण्याचं प्रमाण वेगळं असतं. तेवढ्याच उष्णतेत तांबं सिलिकॉनच्या सहा पटींहून जास्त फुगतं. चिप सिलिकॉनची, खालच्या पट्टीवरच्या वाटा तांब्याच्या, आणि दोघांना जोडणारा डाख कथिलाचा. प्रत्येक वेळी तापताना आणि निवताना त्या डाखावर ओढाताण होते. हजारो वेळा झाली की त्याला बारीक तडा जाऊ शकतो.

तेव्हा दुसरा पक्ष तत्त्वतः चूक नाही. पण ही ओढाताण मोजायची असेल तर सगळी मोजली पाहिजे. चालू असलेल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर नुसता बसला असताना चाळीस अंशांच्या आसपास असतो. एखादा गेम किंवा जड काम सुरू केलं की तो सत्तर-ऐंशीवर जातो आणि काम संपलं की परत खाली येतो. दिवसभरात असे चढउतार कितीतरी होतात. रात्रीचं एकदा बंद करणं ही त्या रांगेतली आणखी एक फेरी, एवढंच. बंद केल्यावर मशीन खोलीच्या तापमानापर्यंत उतरतं, म्हणून ही फेरी जरा मोठी, हे कबूल.

वीज सुरू होतानाच्या लोंढ्याचीही सोय बनवणाऱ्यांनी केलेली असते. डब्यात भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारी पेटी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. बहुतेक एसएमपीएसमध्ये थर्मिस्टर नावाचा एक छोटा भाग असतो. त्याचा स्वभाव बल्बच्या तारेच्या बरोबर उलट. थंड असताना तो वीज अडवतो आणि तापला की वाट देतो. त्यामुळे पहिला झटका त्याच्यावर जिरतो.

हार्ड डिस्कचं काय? फिरत्या तबकडीला थांबवून पुन्हा गती देणं हे तिच्या दृष्टीने कष्टाचं काम, आणि म्हणून बनवणारे ‘किती वेळा सुरू-बंद चालेल’ याचा आकडाच देत आले आहेत. जुन्या धाटणीच्या डिस्कसाठी तो ५०,००० असायचा. रोज पाच वेळा बंद-चालू केलं तरी हा आकडा गाठायला २७ वर्षं लागतात. तोवर डिस्क दुसऱ्याच कशाने तरी गेलेली असेल. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या दोन वर्षांत चालू-बंद होण्याचा आणि बिघडण्याचा काही लक्षणीय संबंध त्यांना दिसला नाही. तीन वर्षांहून जुन्या डिस्कांमध्ये जास्त वेळा बंद-चालू झालेल्यांचं बिघडण्याचं प्रमाण दोन टक्क्यांहून थोडं अधिक वाढलेलं दिसलं, पण तेही बहुधा वेगवेगळ्या जातींच्या डिस्कांच्या सरमिसळीमुळे असावं, असं अभ्यासकांनीच लिहून ठेवलं. आता घरोघरी एसएसडी, म्हणजे चिपांवर मजकूर साठवणारी डिस्क, आली आहे. तिच्यात फिरणारं काही नसतंच.

उलट बाजूचा हिशोब मात्र कुणी फारसा सांगत नाही. चालू राहण्यानेही झीज होतेच. पंख्याच्या बेअरिंगचं आयुष्य तासांत मोजतात. आठ तास चालणारा पंखा आणि चोवीस तास चालणारा पंखा यांत तिपटीचा फरक आहे, आणि चोवीस तासवाला धूळही तिप्पट ओढतो. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पट्टीवर, आणि एसएमपीएसमध्ये उभ्या डब्यांसारखे दिसणारे, थोडी वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर असतात. त्यांच्या आतला द्रव उष्णतेने हळूहळू वाळतो. इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा असा आहे की तापमान १० अंशांनी कमी झालं की अशा कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. दुरुस्तीवाला डबा उघडून ‘कपॅसिटर फुगलाय’ म्हणतो, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा अशीच वर्षानुवर्षांची उष्णता असते.

दोन्ही पारड्यांत असं थोडं-थोडं पडतं. माझ्या मते घरच्या वापरात ही तुलना इतकी बरोबरीत सुटते की झिजेच्या भीतीने काहीच ठरवू नये. धूळ साफ करणं आणि डब्याच्या मागची जाळी भिंतीला चिकटवून न ठेवणं, याने मशीनचं आयुष्य चालू-बंदच्या वादापेक्षा कितीतरी जास्त वाढतं.

विजेचा हिशोब, एकदाचा

झीज बाजूला ठेवली की वीज उरते, आणि तिथे काही बरोबरी वगैरे नाही.

एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चालणं. साधा डेस्कटॉप काहीही न करता नुसता बसला असला तरी ४० ते ८० वॉट घेतो. आपण ६० धरू. दिवसाचे आठ तास तुम्ही वापरता आणि सोळा तास तो रिकामा चालू असतो, असं मानलं तर ६० गुणिले १६ म्हणजे ९६० वॉट-तास. जवळजवळ रोजचं एक युनिट, वर्षाला साडेतीनशे, काहीही काम न करता. मॉनिटरही चालू राहिला तर आणखी वीस-पंचवीस वॉट त्यात धरा. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेल्या गेमिंगच्या मशीनचा आकडा याहून वर जातो.

तोच डेस्कटॉप त्या सोळा तासांत ‘स्लीप’मध्ये असेल तर साधारण दोन वॉट घेतो. वर्षाला बारा युनिटं. पूर्ण बंद पण प्लग भिंतीत, असा असेल तर एक वॉटच्या आसपास, म्हणजे वर्षाला सहा युनिटं. साडेतीनशे, बारा, सहा. मोठी उडी कुठे आहे ते बघा. चालू आणि झोप यांच्यामध्ये दरी आहे. झोप आणि बंद यांच्यामध्ये फक्त एक पायरी आहे. ‘स्लीप नको, वीज खातो’ म्हणून रोज शट डाउन करणारा आणि दुपारी तीन तास मशीन तसंच चालू ठेवून फिरणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

लॅपटॉपचं गणित यापेक्षा फारच हलकं. तो रिकामा बसला की आठ-दहा वॉटवर भागवतो. सोळा तास चालू राहिला तरी वर्षाला पन्नासच्या आसपास युनिटं. त्याच्यासाठी जिवाला फार घोर लावून घ्यायची गरज नाही.

एक समज मात्र इथेच निकालात काढतो. ‘सुरू होताना इतकी वीज लागते की त्यापेक्षा तासभर चालू ठेवलेला परवडतो.’ सुरू होताना मशीन समजा १०० वॉट घेतंय आणि पूर्ण एक मिनिट घेतंय. ते झाले दीड-पावणेदोन वॉट-तास. तेवढी वीज ते रिकामं बसून दोन मिनिटांत संपवतं. दोन मिनिटं! स्क्रीनसेव्हरने वीज वाचते हा त्याचाच भाऊबंद. जुन्या काचेच्या, फुगीर पडद्यांवर एकच चित्र तासनतास राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटायचा, तो टाळायला स्क्रीनसेव्हर आले. सतत हलणारं चित्र काढायला उलट कामच करावं लागतं. ओएलईडी पडद्यांबरोबर तो डागाचा त्रास आता परत आला आहे, पण त्यावरही पडदा काळा करणं हाच चांगला उपाय.

आणि हे ६० वॉट जातात कुठे? सगळेच्या सगळे उष्णता होऊन खोलीत. एसी चालू असेल तर तीच उष्णता बाहेर फेकायला पुन्हा वीज लागते.

झोप, गाढ झोप आणि त्यापलीकडे

पूर्वीच्या कॉम्प्युटरचं बटण खरंखुरं बटण होतं, दिव्याच्या बटणासारखं. ते दाबलं की वीज तुटायची. विंडोज ९५ वापरलेल्यांना ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची ती नारिंगी अक्षरं आठवत असतील. म्हणजे मशीन तुम्हाला सांगायचं, आणि बंद तुम्ही करायचा. त्याच सुमारास मदरबोर्डची नवी रचना आली आणि बटण वीज तोडणारं न राहता नुसतं इशारा देणारं झालं. आता ते दाबलं की मदरबोर्डला निरोप जातो, आणि पुढे काय करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. हा निरोप ऐकायला कुणीतरी जागं असायला हवं, म्हणून ‘बंद’ मशीनमध्येही पाच व्होल्टची एक बारीक धार कायम चालू असते. वरचा तो एक वॉट तिथे जातो. बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं तर मात्र निरोप वगैरे काही नाही, थेट गळाच आवळला जातो. अडकलेल्या मशीनसाठीच ते राखून ठेवावं.

१९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून या अवस्थांचं एक प्रमाण ठरवलं, एसीपीआय नावाचं. त्यातल्या तीन आपल्या कामाच्या.

तुमचं टेबल डोळ्यांसमोर आणा. त्यावर कागद पसरलेत, पुस्तकं उघडी आहेत. स्लीप म्हणजे दिवा मालवून बाहेर जाणं. सगळं टेबलावर तसंच. परत येऊन दिवा लावला की काम सुरू. हायबरनेट म्हणजे टेबलाचा फोटो काढून, सगळं त्याच क्रमाने कपाटात ठेवून, मग जाणं. आल्यावर फोटो बघून पुन्हा जसंच्या तसं मांडायचं. शट डाउन म्हणजे टेबल पुसून स्वच्छ करणं.

टेबल म्हणजे रॅम, चालू कामापुरती तात्पुरती स्मृती, आणि कपाट म्हणजे डिस्क. स्लीपमध्ये थोडी वीज का लागते, ते रॅमच्या स्वभावात आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विजेची एक अतिसूक्ष्म घागर, आणि ती घागर गळकी असते. भरलेली आहे की रिकामी एवढंच तिने लक्षात ठेवायचं. पण गळून गळून भरलेलीही रिकामी दिसायला लागते. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घागर तपासून भरलेली असेल तर पुन्हा काठोकाठ भरावी लागते. स्लीपमध्ये प्रोसेसर, पंखे, डिस्क सगळे गप्प होतात, पण हा पाणक्या अब्जावधी घागरींमागे पळतच असतो. म्हणूनच स्लीपमध्ये असताना वीज गेली की घागरी रिकाम्या, आणि न साठवलेलं काम गेलं. हायबरनेटला ही भीती नाही, कारण त्यात मजकूर डिस्कवर उतरवलेला असतो. तुम्ही प्लग काढून मशीन दुसऱ्या खोलीत नेऊन लावलं तरी ते अर्ध्या वाक्यावरच उघडेल.

दोन्हींचं मिश्रणही असतं. मजकूर डिस्कवर उतरवायचा आणि रॅमही जागी ठेवायची. वीज राहिली तर चटकन जागं व्हायचं, गेली तर डिस्कवरून उचलायचं. डेस्कटॉपवर वीज जाण्याची धास्ती असेल आणि यूपीएस नसेल, तर ही ‘हायब्रिड स्लीप’ सेटिंगमध्ये शोधावी. हायबरनेट मात्र विंडोजच्या मेन्यूत पुष्कळदा लपवलेलं असतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांनी काय करावं ते ठरवण्याच्या पानावर, त्याच्यापुढे खूण केली की ते मेन्यूत दिसायला लागतं.

रोजच्या हायबरनेटने एसएसडी झिजेल, अशी शंका काही जाणकार काढतात. समजा रोज सहा जीबी लिहिले गेले. वर्षाला झाले सव्वादोन टीबीच्या आत (एक टीबी म्हणजे हजार जीबी). साध्या २५० जीबीच्या एसएसडीला बनवणारे साधारण १५० टीबी लिहिण्याची हमी देतात. भागाकार तुम्हीच करा.

शट डाउन केलं तरी जुनंच गाडं

आता ती सुरुवातीला सांगितलेली गंमत. कॉम्प्युटर विचित्र वागतोय, प्रिंटर ओळखत नाही, आवाज गेलाय. तुम्ही शट डाउन करता, दहा मिनिटांनी सुरू करता, आणि रोग तसाच. मग कुणीतरी म्हणतं, ‘अरे, रिस्टार्ट करून बघ.’ तुम्हाला वाटतं, हे काय वेगळं? केल्यावर मात्र प्रिंटर गपगुमान चालू होतो.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि बहुतेक मशीनांवर ती आपोआप चालू असते. तुम्ही शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात हे खरं, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, पुसले जात नाहीत. ते हायबरनेट होतात. पुढच्या वेळी तोच गाभा डिस्कवरून उचलला जातो, म्हणून मशीन झटकन सुरू होतं आणि गाभ्यात काही बिनसलेलं असेल तर तेही सोबत येतं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं खरोखर पुसून नव्याने मांडलं जातं. नावावरून उलटंच वाटतं ना? शट डाउन ही अर्धी झोप आणि रिस्टार्ट हा खरा नवा जन्म. पडताळायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री नेमाने शट डाउन करणाऱ्यांना तिथे कधी कधी वीस-पंचवीस दिवस दिसतात आणि धक्का बसतो. पूर्ण बंद हवं असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून शट डाउन निवडावं.

मुळात अधूनमधून रिस्टार्ट लागतंच का? प्रोग्रॅम रॅम मागून घेतात आणि काम झाल्यावर परत करायला विसरतात. प्रत्येक वेळी थोडीशीच, पण दिवसांमागून दिवस साठत जाते. काही चुका तर फक्त वेळेमुळेच उघड्या पडतात. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारा एक आकडा ३२ बिटांचा होता. तो ४९.७ दिवसांनी भरून पुन्हा शून्यावर यायचा, आणि त्या क्षणी मशीन लटकायचं. ही चूक लक्षात यायला वर्षं गेली, आणि नवल नाही. ते विंडोज सात आठवडे न अडकता चालवून दाखवणं हाच पराक्रम होता. हसण्यावारी नेऊ नका. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने बोइंग ७८७ विमानांसाठी असाच आदेश काढला. त्यांच्या जनित्रांवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिली तर तिच्यातला मोजणीचा आकडा भरून ती वीजपुरवठाच तोडू शकते, तेव्हा त्याआधी एकदा बंद-चालू करा, असा. प्रवासी विमानालाही ‘रिस्टार्ट करून बघ’ हाच इलाज.

लॅपटॉपवाल्यांसाठी आणखी एक पाचर आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये वर सांगितलेली जुनी झोप नसतेच. तिच्या जागी मोबाइलसारखी डुलकी असते. पडदा बंद, पण प्रोसेसर मधूनमधून जागा होऊन मेल बघतो, अपडेट उतरवतो. एकदा प्रवासात झाकण मिटून मी लॅपटॉप बॅगेत टाकला. चार तासांनी काढला तर इस्त्रीसारखा गरम, आणि भरलेली बॅटरी तळाला गेलेली. तेव्हापासून बॅगेत टाकायचा तर हायबरनेट, हा माझा नियम. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेलं पोट. लॅपटॉप कायम टेबलावर प्लगमध्येच असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे का बघा.

चालू ठेवायचं कारण असेल तर

काही कारणं अगदी रास्त असतात. रात्री बॅकअप चालतो, मोठी फाइल उतरते, घरातले बाकी जण याच मशीनवरचे फोटो आणि सिनेमे बघतात, बाहेरगावाहून त्यात शिरून काम करायचं असतं. मग चालू ठेवा आणि मॉनिटर तेवढा बंद करा. पण त्यातही बॅकअपसाठी मशीन ठरलेल्या वेळी स्वतः जागं होऊन, काम उरकून परत झोपू शकतं, आणि नेटवर्कवरून ‘ऊठ’ असा निरोप पाठवून त्याला दुरूनही उठवता येतं. ‘म्हणूनच चालू ठेवतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं काम एवढ्याने भागेल, असा माझा कयास आहे.

सुरक्षेचं पारडं मात्र बंदच्या बाजूने झुकतं. बंद मशीनवर नेटवर्कमधून कुणी हल्ला करू शकत नाही, हे उघड आहे. न दिसणारी बाब अशी की डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असली तरी तिची किल्ली स्लीपमध्ये रॅममध्येच पडून असते. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की वीज तोडल्यावरही त्या गळक्या घागरी लगेच रित्या होत नाहीत. काही सेकंद, आणि चिप गार केली तर त्याहून कितीतरी जास्त वेळ मजकूर तग धरतो, आणि तेवढ्यात किल्ली वाचता येते. घरच्या टेबलावरच्या मशीनला याचा फारसा धोका नाही. नाजूक कागदपत्रं घेऊन प्रवास करणाऱ्याने झोपवण्याऐवजी पूर्ण बंद करावं.

विजा कडाडायला लागल्या तर स्लीप, हायबरनेट, शट डाउन सगळे सारखेच. प्लग भिंतीत असेल तर झटका आत येतोच. प्लग काढावा, आणि आठवणीने नेटवर्कची तारही. तिच्यातून आलेल्या झटक्याने मदरबोर्ड गेल्यावर लोक प्लग काढल्याची शपथ घेतात आणि तारेचं त्यांच्या ध्यानातही नसतं.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा जुना ठोकताळा आहे की वीस मिनिटांहून जास्त उठणार असाल तर मॉनिटर बंद करा, दोन तासांहून जास्त तर कॉम्प्युटरही. मला तो आता ढिला वाटतो. माझं मशीन पंधरा मिनिटांत आपोआप झोपतं. रात्री हायबरनेट, आठवड्यातून एकदा रिस्टार्ट, बहुधा अपडेट मागतं तेव्हाच. गावाला जाताना शट डाउन करून प्लग काढतो.

रोज रात्री भिंतीवरचं बटणसुद्धा बंद करणाऱ्या कट्टर मंडळींसाठी एकच सूचना. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. आतलं घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. प्लग चालू असताना घड्याळाला ती पाच व्होल्टची धार वीज पुरवते आणि सेलला आराम मिळतो. भिंतीवरचं बटण बंद केलं की सगळा भार सेलवर. तरीही तो काही वर्षं टिकतो, पण थोडा लवकर संपतो. संपला की सकाळी कॉम्प्युटरला वाटतं आपण कित्येक वर्षं मागे आहोत. मग बँकेपासून मेलपर्यंत एकही साइट धड उघडत नाही, कारण त्यांची सुरक्षा प्रमाणपत्रं त्या जुन्या तारखेला जन्मलेलीच नसतात. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, राउटर दहा वेळा बंद-चालू करतात. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख तेवढी बघायची राहून जाते.